होडीच्या मागे दोन इंजिने : दुसरे कशासाठी?

पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, आपल्या किनाऱ्यावर डागडुजीचे असतात. होड्या वर ओढल्या जातात, जाळी सांधली जातात, यंत्रे उघडून पुसली जातात. याच दिवसांत लहान होडीच्या धन्यासमोर एक प्रश्न उभा राहतो. मागच्या फळीवर टांगलेल्या एका आउटबोर्ड इंजिनाच्या शेजारी तेवढेच दुसरे इंजिन बसवावे काय? पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील मोठ्या बोटींचे डिझेल इंजिन बोटीच्या पोटात असते; त्यांचा विचार येथे केलेला नाही. खाडीत व किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या, दोन-तीन माणसांच्या लहान होड्यांचा हा विषय आहे. धर्मप्रांताच्या पानावर इंजिनाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या कित्येक घरांची चूल या इंजिनावर पेटते आणि घरचा माणूस सुखरूप परत येणे त्याच्यावर अवलंबून असते, एवढे उत्तर आम्हांस पुरेसे वाटते.

प्रश्नाचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. केवळ वेग वाढवण्यासाठी दुसरे इंजिन घेतले, तर तो बहुधा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. परत येण्याची खात्री म्हणून घेतले, तर विचार योग्य आहे. मात्र शेजारी दुसरे यंत्र टांगले म्हणजे ती खात्री आपोआप पदरात पडते, असे नाही. दोन इंजिने दिसायला दोन असली तरी पुष्कळदा ती एकाच कारणाने, एकाच वेळी बंद पडतात. हे कसे घडते आणि ते कसे टाळावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या देशात आउटबोर्ड इंजिनांचा फार मोठा अनुभव दक्षिण केरळ व कन्याकुमारी येथील मच्छीमारांपाशी आहे. त्यांतील मोठा वर्ग लॅटिन कॅथोलिक आहे. १९५३ च्या सुमारास कोल्लमजवळच्या नींदकरा येथे नॉर्वेच्या साहाय्याने मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे ट्रॉलर वाढले आणि लाकडाचे ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर वा वल्ह्याच्या होडीवर पोट भरणारा गरीब मच्छीमार मागे पडू लागला. ट्रॉलरशी स्पर्धा करण्यासाठी त्याने १९८० च्या आगेमागे आउटबोर्ड इंजिनाचा आधार घेतला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मरियनाड या गावी धर्मप्रांताच्या पुढाकाराने मच्छीमारांची सहकारी चळवळ रुजली होती. त्याच परंपरेतून १९८० साली दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ उभा राहिला. प्लायवूडच्या हलक्या होड्या बांधणे आणि आयात केलेल्या इंजिनांची दुरुस्ती गावोगाव उपलब्ध करून देणे, ही कामे या महासंघाने केली. आरंभीची इंजिने सात-आठ अश्वशक्तीची असत. मग ९.९ आली, २५ आली, ४० आली. आणि मोठ्या घेर-जाळ्याच्या होड्यांवर तर एकाशेजारी एक दोन-तीन इंजिने दिसू लागली. ‘शेजाऱ्याने दुसरे लावले म्हणून मीही’ अशी ही चढाओढ होती. तिने इंधनाचा खर्च वाढवला आणि अनेकांच्या डोक्यावर कर्ज चढवले. मासे मात्र इंजिनाच्या प्रमाणात वाढत नाहीत.

चढाओढीचा हा भाग सोडला तरी त्या किनाऱ्यावर दुसऱ्या इंजिनाची खरी गरज कोठे आहे, हे मुदलप्पोळी येथे कळते. मरियनाडच्या उत्तरेस कठिनंकुळम कायल जेथे समुद्रास मिळते, तेथे दगडी बांध घालून हे मासेमारी बंदर उभारले आहे. बंदराच्या तोंडाशी वाळू साचते, तिच्यावर लाटा फुटतात आणि आत येणारी होडी नेमकी तेथेच उलटते. या ठिकाणी अनेक मच्छीमारांचे प्राण गेले आहेत; १० जुलै २०२३ रोजी होडी उलटून चौघे मरण पावले. केरळातील ट्रॉलबंदी जून-जुलैत ५२ दिवसांची असते, परंतु पारंपरिक होड्यांना ती लागू नसते. त्यामुळे समुद्र सर्वांत खवळलेला असताना लहान होड्याच बाहेर असतात. फुटत्या लाटेत इंजिन अर्धा मिनिट जरी बंद पडले, तरी होडी लाटेला आडवी होते. आडव्या होडीला दुसरी लाट उलथवते. त्या अर्ध्या मिनिटात दोरी ओढून इंजिन सुरू करायला कोणालाही वेळ मिळत नाही. वसईची खाडी, मनोरीची खाडी, वैतरणेचे मुख यांची वाळू व ओहोटी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

आता वेगाचा हिशेब पाहू. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीला वेग वाढवताना पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. ढोबळ मानाने, लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ असा की इंजिनाची शक्ती दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही. तो सुमारे सव्वापट होतो. म्हणजे रुपयाला चार आण्यांची वाढ. इंधन मात्र तासाला दुप्पट जळते आणि प्रत्येक मैलामागे दीडपटीहून अधिक. शिवाय पाण्यात टेकलेल्या लांबीनुसार अशा होडीच्या वेगाला एक नैसर्गिक मर्यादा असते. पंचवीस फूट लांबीला ती सुमारे पावणेसात नॉट येते. तिच्यापुढे इंजिन कितीही ओरडले तरी होडी आपल्याच लाटेच्या खळग्यात बसते आणि मागची फळी खाली दबते.

वजनाचा हिशेबही दुसऱ्या इंजिनाच्या विरोधात जातो. ९.९ अश्वशक्तीचे एक दोन-स्ट्रोक इंजिन साधारण चाळीस किलोचे असते. अशी दोन म्हणजे ऐंशी किलो, आणि शक्ती वीसच्या आत. त्याच घराण्यातले पंचवीस अश्वशक्तीचे एकच इंजिन पन्नास-पंचावन्न किलोंत मिळते. दोन इंजिनांचे दोन पाय पाण्यात बुडालेले असतात, त्यांचा विरोध वेगळा. केवळ वेग हवा असेल तर एक मोठे इंजिन हलके, स्वस्त व कमी कटकटीचे पडते.

हाच हिशेब उलटा वाचला म्हणजे दुसऱ्या इंजिनाची खरी किंमत दिसते. दोहोंपैकी एक बंद पडले तर शक्ती निम्मी होते. वेग मात्र निम्मा होत नाही. सोळा आण्यांतले साडेबारा आणे वेग शिल्लक राहतो. दोन इंजिनांवर सहा नॉटने जाणारी होडी एका इंजिनावर कागदोपत्री पावणेपाच नॉटने जाते. बंद इंजिनाचा पाय पाण्यातून वर उचललेला असला, तर प्रत्यक्षातही साडेचार धरायला हरकत नाही. बारा सागरी मैलांवरून घरी यायला दोन तासांऐवजी पावणेतीन तास लागतील. आणि पावणेतीन तासांनी घरी येणे म्हणजे घरी येणेच. ओहोटी तीन नॉटने बाहेर धावत असेल तर खाडीत शिरताना हातात दीड नॉटच उरतो, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी तोंडाबाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहणे, यालाच जाणता तांडेल शहाणपण म्हणतो.

या हिशेबाला एक अपवाद आहे. हलकी, सपाट बुडाची होडी पुरेशी शक्ती मिळाली की पाण्यावर उचलली जाते आणि घसरत धावते. दोन इंजिनांनी ती उचलली जाते, एकाने बहुधा नाही. तेथे दोन इंजिनांचा वेग व एकाचा वेग यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. अशा होडीच्या धन्याने किती दूर जायचे व किती इंधन न्यायचे, हे एका इंजिनाच्या वेगावरून ठरवावे.

पंख्याची निवडही येथेच येते. पंख्याची पाती किती तिरपी आहेत, त्यावर एका फेऱ्यात तो किती पुढे सरकू पाहतो हे ठरते. दोन इंजिनांच्या वेगाला जुळणारा जास्त तिरपा पंखा लावला, तर एकट्या इंजिनावर सगळा भार आल्यावर त्याला ओढ पेलत नाही. फेरे कमी पडतात, इंजिन गुदमरल्यासारखे चालते व तापते. म्हणून भार ओढणाऱ्या होडीला कमी तिरपा पंखा बरा. सर्वाधिक वेगात थोडे कमी-जास्त होईल, परंतु एकटे इंजिन घर गाठून देईल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंजिने दोन, पण इंधनाची टाकी एक, नळी एक, गाळणी एक, अशी मांडणी किनाऱ्यावर सर्रास दिसते. लहान इंजिने बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंधनातील पाणी व कचरा. पावसाळी हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीच्या भिंतीवर दव धरते, झाकणातून शिंतोडे जातात, पिंपाच्या तळाचा गाळ ओतला जातो. टाकी एक असेल तर तेच पाणी दोन्ही इंजिनांना मिळते आणि दोन्ही मिनिटभराच्या अंतराने थांबतात. मग दुसऱ्या इंजिनासाठी मोजलेले पैसे समुद्रातच गेले म्हणायचे. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र टाकी, स्वतंत्र नळी, हाताने दाबायचा स्वतंत्र फुगा आणि पाणी वेगळे करणारी स्वतंत्र गाळणी हवी. इतकेच नव्हे, तर दोन्ही टाक्या एकाच दिवशी एकाच पिंपातून काठोकाठ भरू नयेत. एकीत तरी मागील फेरीत चालवून पाहिलेले इंधन असावे.

दुरुस्तीच्या बाबतीतही हाच नियम आहे आणि तो विमानांच्या जगाने मोठी किंमत मोजता मोजता शिकला. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे एक तीन इंजिनांचे विमान मायामीहून बहामातील नासाऊला निघाले. उड्डाणापूर्वीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांतील तेलाच्या मार्गावरचा एक लहान भाग बदलला गेला होता. आणि तिन्ही ठिकाणी त्याची रबरी कडी बसवायची राहिली होती. आकाशात तिन्ही इंजिनांचे तेल गळाले. एकाचा दाब घसरला म्हणून वैमानिकांनी ते बंद केले, मागोमाग उरलेली दोन्ही थांबली. आधी बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले म्हणून विमान कसेबसे मायामीला परतले आणि १७२ जण वाचले. इंजिने तीन होती, पण चूक एकच होती व ती तिघांतही होती. आज लांब पल्ल्याच्या समुद्रावरून उडणाऱ्या दोन इंजिनी विमानांच्या बाबतीत दोन्ही इंजिनांचे एकच काम एकाच वेळी एकाच हाताने होऊ नये, असा कटाक्ष पाळतात. होडीच्या धन्यालाही हे सहज करता येते. आज एका इंजिनाचा स्पार्क प्लग, पाण्याच्या पंपाची रबरी चकती वा गिअरचे तेल बदलावे. चार-सहा फेऱ्या करून खात्री पटली की मग दुसऱ्याचे. बंदीच्या काळात दोन्ही इंजिने एकाच दुपारी उघडून बसणे सोयीचे वाटते खरे. पण मग निदान समुद्रात जाण्यापूर्वी दोन्ही पिंपातल्या पाण्यात पुरेशी चालवून पाहावीत.

राखीव म्हणून ठेवलेले इंजिन महिनोन्‌महिने न चालवणे, ही आणखी एक सवय. मीठ व हवा यांच्यात उभे राहिलेले यंत्र ऐन वेळी सुरू होत नाही. केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनांच्या बाबतीत तर विशेष काळजी हवी. असे इंजिन पेट्रोलवर सुरू करून, गरम झाल्यावर केरोसीनवर घेतात. थांबवण्यापूर्वी पुन्हा काही मिनिटे पेट्रोलवर चालवले नाही तर कार्बोरेटरमध्ये केरोसीन उरते आणि थंड इंजिन पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून हात भरून आला तरी पेटत नाही. राखीव इंजिन थांबवताना हा नियम एकदाही चुकता कामा नये. आमच्या मते एक मुख्य व एक राखीव, असा भेदच करू नये. आज डावे पुढे, उद्या उजवे. दोघांचे तास सारखे होत राहावेत.

बसवण्याच्या कामात घाई नको. मागची फळी एका इंजिनाच्या वजनाला व ढकलीला बेतलेली असते. दुसरे टांगण्यापूर्वी सुताराकडून तिला आतून आडवी-उभी मजबुती द्यावी. नुसत्या मळसूत्री पकडीवर न राहता आरपार बोल्ट घालावेत आणि प्रत्येक इंजिनाला साखळी वा दोर बांधावा. मागे चाळीस किलो वाढले म्हणजे टाक्या, नांगर व जाळे पुढे सरकवावे लागते. नाहीतर मागून येणारी लाट फळीवरून आत येते. दोन इंजिनांतील अंतर असे असावे की दोन्ही पूर्ण वळवली तरी एकमेकांना घासू नयेत, वर उचलताना अडकू नयेत. मात्र अंतर वाढवण्यासाठी ती अगदी कडेला नेणेही चुकीचे. होडी कलली वा वळली की बाहेरच्या बाजूचा पंखा पृष्ठभागाजवळ येतो आणि पाण्याऐवजी हवा ओढतो. इंजिन एकदम किंचाळते व ढकल नाहीशी होते. बूड निमुळते असेल तर मधल्यापेक्षा कडेला बूड उंच असते. म्हणून इंजिनाच्या पायावरील आडवी पट्टी त्या त्या जागच्या बुडाशी जुळवावी, मधल्या कण्याशी नव्हे.

दोन्ही इंजिने एकत्र वळावीत म्हणून त्यांना जोडणारा आडवा दांडा लावतात. त्याची लांबी कमी-जास्त करता यावी, म्हणजे दोन्ही पाय समांतर करता येतात. शिवाय त्याची एक खीळ हाताने पटकन काढता यावी. एक इंजिन वर उचलायचे असेल आणि दांडा सुटत नसेल, तर दुसऱ्याचे वळणे अडते. लहान इंजिनांचे पंखे बहुतेक सर्व एकाच दिशेने, मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. उलट फिरणारी जोडी मोठ्या इंजिनांतच मिळते. त्यामुळे दोन लहान इंजिने एकाच बाजूला ओढतात व ती ओढ हाताला जाणवते. पट्टीखालचा लहान पंख थोडा वळवून ती कमी करता येते.

चालवताना दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर जिवावर बेतते. पहिली, बंद करणारी सुरक्षा-दोरी. इंजिनाच्या बटणाला अडकवलेली ही दोरी तांडेलाच्या मनगटाला वा कमरेला बांधायची असते, म्हणजे तो पाण्यात पडला तर इंजिन थांबते. इंजिने दोन असतील तर दोऱ्या दोन हव्यात आणि दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर हव्यात. एकच दोरी बांधली तर दुसरे इंजिन चालू राहते, हँडल मोकळे होते आणि होडी गोल फिरत पाण्यातल्या माणसावर येते. किनाऱ्यावर ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली दिसते, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

दुसरी गोष्ट जाळ्याची. जाळे ओढताना ज्या बाजूने ते येते त्या बाजूचे इंजिन बंद करून वर उचलावे व दुसऱ्यावर होडी सांभाळावी. दोन्ही पंखे पाण्यात ठेवले तर एकच जाळे दोहोंना गुंडाळते, आणि मग पुन्हा तीच गत : इंजिने दोन, अडचण एक. सुरी, जादा खीळ, प्लगचा पाना व वल्ही होडीत असलीच पाहिजेत. दोन इंजिने आली म्हणून वल्ही घरी ठेवणारा माणूस आपल्याला काही भेटू नये.

खाडीच्या तोंडाशी येताना दोन्ही इंजिने बाहेरच, शांत पाण्यात सुरू करून गरम करावीत आणि दोन्ही चालू ठेवूनच लाटेत शिरावे. एक थांबले की दुसरे सुरू करू, हा बेत खुल्या समुद्रात चालतो. फुटत्या लाटेत नाही.

बंदी संपून होडी पाण्यात उतरली म्हणजे पहिली फेरी भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यात, किनारा दिसत असताना करावी. ठरावीक दोन खुणांमधले अंतर प्रथम दोन्ही इंजिनांवर, मग केवळ डाव्यावर, मग केवळ उजव्यावर कापावे; प्रत्येक वेळी बंद इंजिन वर उचललेले असावे. होडीत नेहमीइतकी माणसे व जाळे ठेवूनच हे करावे, रिकाम्या होडीचे आकडे उपयोगाचे नाहीत. घड्याळाने मिनिटे मोजावीत, टाकीत काठी बुडवून किती इंधन गेले ते पाहावे आणि ते सहा आकडे रंगाने होडीच्या आतल्या फळीवर लिहून ठेवावेत, म्हणजे तांडेल बदलला तरी ते त्याच्या डोळ्यांसमोर राहतील.